न खेळणाऱ्या खेळाडूचा पगार: करार नेमका कशाचा असतो?

प्रश्न: खजिनदार (फोंडा तालुका)

नमस्कार मंडळी,

मी आमच्या गावच्या क्रीडा मंडळाचा खजिनदार आहे. शेते कापून झाली की आमच्याकडे गावागावांच्या फुटबॉल स्पर्धा सुरू होतात आणि अलीकडे प्रत्येक गाव एखाददुसरा पाहुणा खेळाडू पैसे देऊन आणते, हे गोव्यातील वाचकांना वेगळे सांगायला नको. यंदा आम्ही वास्कोकडचा एक आघाडीपटू सहा सामन्यांसाठी ४८,००० रुपये ठरवून आणला. निम्मे आगाऊ दिले, निम्मे स्पर्धा संपल्यावर द्यायचे ठरले. गेल्या वर्षी याच खेळाडूने शेजारच्या गावासाठी नऊ गोल केले होते, त्यांतले दोन आमच्यावरच, आणि खरे सांगायचे तर त्या दोन गोलांचा धसका घेऊनच आम्ही ही रक्कम कबूल केली. यंदा सहा सामन्यांत त्याचा एक गोल झाला, तोही पेनल्टीवर. उरलेले २४,००० द्यावेत की नाही, यावर देवळाच्या अग्रशाळेत दोन बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीत चहा निवून गेला तरी कोणी कप उचलला नाही, आणि निर्णयही झाला नाही.

त्याच वादात एका तरुण सभासदाने अलेक्सिस सांचेझचे उदाहरण काढले. जानेवारी २०१८ मध्ये तो आर्सेनलमधून मँचेस्टर युनायटेडमध्ये गेला, त्याचा पगार आठवड्याला साडेतीन-चार लाख पौंडांच्या घरात असल्याच्या बातम्या होत्या, आणि ४५ सामन्यांत त्याने केवळ ५ गोल केले. तरीही त्याचा पगार कोणी कापला नाही, मग आपण एका गरीब पोराचे पैसे कसे कापणार, असा त्याचा मुद्दा होता. दुसऱ्याने लगेच सुनावले की युनायटेडकडे पैसा उतू जातो, आपल्याकडे वर्गणीचा हिशेब द्यावा लागतो.

माझा प्रश्न असा आहे. ज्या क्लबांकडे वकिलांची फौज असते ते करारात ‘खेळ झाला नाही तर पैसे नाहीत’ असे सरळ एक कलम का घालत नाहीत? आणि एवढे पैसे घेऊन खेळ न दाखविणाऱ्याला दोष द्यायचा, की देणाऱ्याला?

उत्तर: जमाखर्च (मडगाव)

खजिनदारसाहेब, पगार हा कामगिरीचा मोबदला असतो असे आपण गृहीत धरले आहे, आणि घोटाळा तिथेच आहे. व्यावसायिक फुटबॉलमधील करार हा खेळाडूच्या उपलब्धतेचा असतो. त्याने सरावाला यायचे, अंग तयार ठेवायचे, निवड झाली तर मैदानात उतरायचे आणि झाली नाही तर बाकावर बसायचे. गोल करीन असे वचन तो देत नाही आणि शहाणा असेल तर देणारही नाही, कारण त्याच्यापर्यंत चेंडू पोहोचविणे त्याच्या हातात नसते. फिफाच्या नियमांप्रमाणे करार मुदतीआधी मोडायला न्याय्य कारण लागते आणि खेळ खालावला हे तसे कारण मानले जात नाही. तरीही क्लबने करार मोडला, तर भरपाई द्यावी लागते, आणि ती साधारणपणे उरलेल्या पगाराच्या हिशेबानेच निघते.

मग असा करार क्लब करतात तरी का? याचे मूळ १५ डिसेंबर १९९५ च्या बॉसमन निकालात आहे. त्यापूर्वी युरोपात करार संपल्यावरही जुना क्लब नव्या क्लबाकडे पैसे मागू शकत असे. बेल्जियमच्या लिएज क्लबाचा खेळाडू जाँ-मार्क बॉसमन याने ही पद्धत युरोपीय न्यायालयात नेली आणि करार संपलेला खेळाडू मोकळा, असा निकाल मिळविला. त्या दिवसापासून कराराचे शेवटचे वर्ष हे खेळाडूच्या हातातले सर्वांत मोठे हत्यार झाले.

सांचेझचेच पाहा. त्याचा करार जून २०१८ मध्ये संपणार होता. जानेवारीत सौदा झाला नसता तर उन्हाळ्यात तो फुकट गेला असता. म्हणून आर्सेनलने हेन्रिक मखितारियनच्या बदल्यात त्याला देऊन टाकले. युनायटेडला हस्तांतराचे शुल्क, म्हणजे खेळाडू सोडल्याबद्दल जुन्या क्लबाला द्यायचे पैसे, भरावे लागले नाही आणि ते वाचलेले पैसे पगारात गेले. याच आर्सेनलमध्ये मेसुत ओझिलचाही करार त्याच जूनमध्ये संपत होता. एक गेला, आता दुसराही जाणार, ही नामुष्की टाळण्यासाठी सांचेझ गेल्यानंतर अवघ्या काही दिवसांत त्यांनी ओझिलला आठवड्याला सुमारे साडेतीन लाख पौंडांचा, २०२१ पर्यंतचा करार दिला. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. मार्च २०२० नंतर तो आर्सेनलसाठी एकही सामना खेळला नाही, ऑक्टोबरमध्ये प्रीमियर लीगसाठीच्या पंचवीस जणांच्या यादीतूनही त्याचे नाव वगळले गेले, आणि पगार चालूच राहिला. त्याच महिन्यात खर्चकपात म्हणून क्लबने आपल्या डायनोसॉरच्या वेषात मैदानावर फिरणाऱ्या जुन्या कर्मचाऱ्याला कमी केले, तेव्हा त्याचा पगार मी देतो असे ओझिलने जाहीर केले. न खेळणाऱ्या माणसाच्या पगारातून शुभंकराचा पगार निघावा, असा जमाखर्च मी तीस वर्षांच्या नोकरीत कुठे पाहिलेला नाही.

या सगळ्यात ओझिलचा दोष मला तरी सापडत नाही. त्याला दिलेला पगार त्याच्या पुढच्या तीन वर्षांच्या खेळाचा नव्हताच, तो क्लबाच्या भीतीचा होता. आपल्या मंडळाने दिलेले ४८,००० देखील, आपणच लिहिल्याप्रमाणे, गेल्या वर्षीच्या दोन गोलांचे होते.

आता हिशेबाची बाजू, कारण बाहेरून ती दिसत नाही. विकत घेतलेल्या खेळाडूचे शुल्क क्लब एकाच वर्षी खर्ची टाकत नाही, कराराच्या वर्षांवर विभागून टाकतो. एडन हझार्डला २०१९ मध्ये रेआल माद्रिदने सुमारे १० कोटी युरो देऊन पाच वर्षांसाठी घेतले, म्हणजे दरवर्षी २ कोटींचा बोजा आणि पगार वेगळा. दोन वर्षांनी त्याला विकायचे म्हटले, तरी वहीत ६ कोटी शिल्लक दिसणार. बाजारात त्याला दीड कोटीच मिळत असतील, तर साडेचार कोटींचा तोटा त्याच वर्षी दाखवावा लागतो. म्हणून क्लब विकत नाही. आणि तोच पगार देणारा दुसरा क्लब नाही, म्हणून खेळाडू जात नाही. दोघेही घड्याळाकडे पाहत बसतात. चेल्सीने तर शुल्क अधिक वर्षांत पसरावे म्हणून जानेवारी २०२३ मध्ये मिखाइलो मुद्रिकला साडेआठ वर्षांचा करार दिला. ही पळवाट पाहूनच युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, त्याच वर्षी अशी विभागणी पाच वर्षांपुरती मर्यादित केली.

उत्तर: पूर्व स्टँड (फातोर्डा)

जमाखर्च यांचे म्हणणे मान्य आहे, पण ते वहीतून फुटबॉल पाहतात. मी स्टँडमधून पाहतो, म्हणून थोडे वेगळे सांगतो.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) एफसी गोवा सुरू झाला तेव्हा संघाचा ‘मार्की’, म्हणजे नावावर गर्दी खेचणारा, खेळाडू होता रोबेर पिरेस. विश्वचषक जिंकलेला माणूस आपल्या फातोर्ड्याच्या स्टेडियमवर खेळणार, म्हणून मी मुलाला घेऊन तिकिटाच्या रांगेत उभा राहिलो होतो. चाळिशी ओलांडलेल्या पिरेसने त्या मोसमात ८ सामने खेळून १ गोल केला. दिल्लीकडून खेळलेल्या देल पिएरोचाही एकच गोल, पुण्याच्या त्रेझेगेचे दोन. निव्वळ गोल मोजले, तर आपल्या खजिनदारांनी या तिघांचाही दुसरा हप्ता रोखला असता. पण पहिल्या वर्षी स्टेडियम भरले ते कोणाच्या नावावर? मालकांनी गोल विकत घेतलेच नव्हते, त्यांनी वर्तमानपत्रातला फोटो आणि माझ्यासारख्याची रांग विकत घेतली होती, आणि ती त्यांना मिळाली.

याच्या उलट उदाहरणही याच मैदानावरचे आहे. २०१७ मध्ये फेरान कोरोमिनास आला तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता, सायप्रसमधल्या एका लहान क्लबातून आला होता, आणि त्याला बघायला विमानतळावर गर्दी झाल्याचे मला आठवत नाही. त्याने पहिल्या मोसमात १८, दुसऱ्यात १६ आणि तिसऱ्यात १४, असे आयएसएलमध्ये ४८ गोल केले. तिसऱ्या मोसमात, म्हणजे २०१९-२० मध्ये, गोव्याने लीग शील्ड, म्हणजे साखळीत अव्वल येणाऱ्या संघाची ढाल, जिंकली. दुसऱ्या खांबाजवळ तो असा काही उभा असे की बचावपटूला वाटावे हा बसची वाट पाहतो आहे. आणि चेंडू आला की एकच स्पर्श. त्याला काय मिळत होते यापेक्षा त्याच्या आधीची दोन वर्षे कोणी नीट पाहिली होती, हे मला महत्त्वाचे वाटते. नाव पाहून पैसे देणे आणि खेळ पाहून पैसे देणे, यांत एवढे अंतर पडते.

आणखी एक. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी रोनाल्डोचा सौदी क्लब अल-नस्र फातोर्ड्यावर एफसी गोवाविरुद्ध खेळायला आला. रोनाल्डो येणार या आशेवर गोव्याबाहेरूनही माणसे आली होती. तो आलाच नाही. अल-नस्र २-१ ने जिंकला, ब्रायसन फर्नांडिसने आपला गोल केला तेव्हा स्टँड हादरला, आणि पुढचा तासभर रोनाल्डोची आठवणही कोणाला झाली नाही. जगातल्या सर्वांत महाग खेळाडूंपैकी एक असणारा माणूस एका सामन्याला न येता आपला पगार घेतो आणि त्यात त्याच्या क्लबाला काही वावगे वाटत नाही, कारण त्याने काय विकले आहे हे दोन्ही पक्षांना पक्के ठाऊक आहे. फसला असेल तर केवळ तिकीट काढणारा, आणि त्याचा कोणाशीच करार नसतो.

उत्तर: डिचोलीकर

एवढा समजूतदारपणा मला जमत नाही. कायद्याने पैसे घेता येतात म्हणून घ्यावेतच का? विन्स्टन बोगार्ड २००० मध्ये चेल्सीत गेला, चार वर्षांचा करार, आठवड्याला ४०,००० पौंड असे छापून आले, आणि चार वर्षांत तो जेमतेम डझनभर सामने खेळला. दुसरीकडे जाऊन कमी पगारात खेळता आले असते, पण हा करार संपेपर्यंत हलला नाही. हझार्डने माद्रिदला येण्याआधीच्या सुट्टीत आपले पाच किलो वजन वाढल्याचे स्वतःच मान्य केले. ७६ सामने आणि ७ गोल. गॅरेथ बेल नोव्हेंबर २०१९ मध्ये वेल्सच्या संघासोबत एका झेंड्यामागे नाचला, त्यावर ‘वेल्स, गोल्फ, माद्रिद, याच क्रमाने’ असे लिहिले होते. त्याला पगार मात्र त्या क्रमातला तिसरा देत होता. आमच्या बाजारात मासळी शिळी निघाली तर गिऱ्हाईक परत नेऊन देते. इथे ती चार वर्षे घरात ठेवायची आणि वर बर्फाचे पैसेही आपणच भरायचे.

खजिनदारांनी २४,००० देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर: जुना बॅक (म्हापसा)

मी गोव्यातल्या एका क्लबाकडून नऊ वर्षे खेळलो. नाव घेत नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांतली काही माणसे आजही रस्त्यात भेटली की हात मिळवतात.

डिचोलीकर, तुम्ही बोगार्डचे उदाहरण दिले ते अर्धेच दिले. त्याला घेतले तेव्हा प्रशिक्षक व्हियाली होता. बोगार्ड आल्यावर काही आठवड्यांत व्हियालीला काढले, रानिएरी आला आणि नव्या माणसाला हा नको होता. ज्याच्या काळात आला तो गेला, नवा येतो तो म्हणतो निघ. खेळाडूने दरवेळी आपल्या खिशातून क्लबाच्या लहरीची भरपाई करावी, असे तुमचे म्हणणे आहे का? तो चार वर्षे सरावाला येत राहिला, करारात तेवढेच लिहिले होते.

हझार्डच्या वजनाची गोष्ट खरी आहे, आणि तिथे मी त्याची बाजू घेणार नाही. अंग तयार ठेवणे हे कामच आहे. पण त्याचा घोटा गेला तो नोव्हेंबर २०१९ मध्ये, पॅरिसच्या संघाविरुद्ध, समोरच्याच्या धडकेने, आणि त्यानंतर तो घोटा कधी पूर्ववत झाला नाही. घोटा काय असतो हे पाहणाऱ्याला कळत नाही. चेंडू घेऊन एकदम उजवीकडे वळायचे असते तेव्हा शरीराचा सगळा भार क्षणभर त्या एका सांध्यावर असतो, आणि एकदा का तो दगा देईल अशी शंका मनात आली, की पाय वळण्याआधी पाव सेकंद थांबतो. पाहणारा म्हणतो, हा आळशी झाला. हझार्ड जून २०२३ मध्ये, एक वर्ष बाकी असताना, क्लबाशी समझोता करून करार सोडून गेला, आणि ऑक्टोबरमध्ये बत्तिसाव्या वर्षी निवृत्त झाला. हेही लिहा.

माझा गुडघा असाच गेला. म्हापशाच्या मैदानावर, पावसाळ्यातला सामना, गोलच्या कोपऱ्यात चिखल होता. क्लबाने पहिले दोन महिने पगार दिला, तिसऱ्या महिन्यात कार्यालयातला माणूस म्हणाला की साहेब बाहेरगावी आहेत. साहेब पाच महिने बाहेरगावी होते. शस्त्रक्रियेचे पैसे भावाने भरले. आमच्या पिढीत जास्त पगार घेऊन कमी खेळलेला खेळाडू मला एकही आठवत नाही. खेळून पगार न मिळालेले मात्र एका बसमध्ये मावणार नाहीत.

हे केवळ आमच्यापुरते नाही. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि गोव्यातला पैसा आटला. २०१६ मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांनी आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. ज्या डेम्पोने देशाचे अजिंक्यपद पाच वेळा आणले, त्याचा संघच पुढे कित्येक वर्षे राष्ट्रीय लीगमध्ये नव्हता, ही गोष्ट पोरांनी कशी पचवली असेल याचा विचार करा. २०२५ मध्ये आयएसएल चालविणाऱ्या कंपनीचा भारतीय फुटबॉल महासंघाशी असलेला करार संपत आला, मोसम वेळेवर सुरू झाला नाही आणि काही क्लबांनी मुख्य संघाचे पगारच थांबविले. त्या वेळी ‘आमचा करार आहे’ असे म्हणणाऱ्या खेळाडूला कोणी लोभी म्हटले नाही, कारण त्याला पैसे मिळतच नव्हते. दोन महिन्यांचा पगार थकला तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन खेळाडू करार सोडू शकतो, असा फिफाचा नियम आहे. पण मोसम बंद असताना तो सोडून जाणार कुठे?

मोठ्या क्लबांतही हेच चालते. बार्सिलोनाने करोनाच्या काळात २०२० मध्ये फ्रेंकी डी योंगला नवा करार देताना त्याच्या पगाराचा मोठा भाग पुढच्या वर्षांवर ढकलला. तो कबूल झाला. दोन वर्षांनी ती थकबाकी द्यायची वेळ आली तेव्हा त्याचा पगार परवडत नाही, त्याने मँचेस्टरला जावे, असे वातावरण तयार केले गेले. स्वतःच उसने घेतलेले पैसे परत करायची वेळ आली की देणेकरी सावकाराला महागडा म्हणू लागतो, त्यातला हा प्रकार. तो हलला नाही, आणि त्याने बरोबर केले.

इंग्लंडमध्ये १९६१ पर्यंत खेळाडूला आठवड्याला २० पौंडांपेक्षा अधिक द्यायला बंदी होती. मैदाने तेव्हाही भरत होती. ती मर्यादा उठवायला खेळाडूंना संपाची धमकी द्यावी लागली. आज जे कोणाला जास्त वाटते, ते आधीची कित्येक वर्षे दुसऱ्याच्याच खिशात जात होते.

खजिनदार, एक विचारतो. त्या पोराला सहा सामन्यांत चेंडू किती वेळा मिळाला, हे कोणी मोजले आहे का?

उत्तर: तारवटी

मी अमेरिकन कंपनीच्या बोटीवर काम करतो, तिथल्या मेसमध्ये त्यांचा फुटबॉल लागलेला असतो, म्हणून तिकडची माहिती जोडतो. त्यांच्या एनएफएलमध्ये, म्हणजे त्या अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या लीगमध्ये, खजिनदारांना हवे आहे तसे कलम जवळजवळ आहेच. पगाराच्या ज्या भागाची हमी दिलेली नसते तो भाग, खेळाडूला संघातून काढले की, द्यावा लागत नाही. म्हणून तिथले खेळाडू कराराचा एकूण आकडा पाहत नाहीत, हमीचा आकडा पाहतात, आणि सगळी ओढाताण त्याच्यावरच होते. शेवटी २०२२ मध्ये क्लीव्हलँडने डेशॉन वॉटसनला पाच वर्षांचे २३ कोटी डॉलर पूर्ण हमीवर दिले. बंदी आणि दुखापती यांमुळे पहिल्या तीन मोसमांत मिळून तो १९ सामने खेळला. नियम कितीही मालकाच्या बाजूचा असला, तरी समोरून दुसरा गिऱ्हाईक उभा राहिला की मालक स्वतःच तो नियम गुंडाळून ठेवतो.

उत्तर: जमाखर्च (मडगाव)

जुना बॅक यांच्या पत्रानंतर माझ्या वहीतली भाषा मलाच थोडी कोरडी वाटू लागली आहे. तरी खजिनदारांच्या पहिल्या प्रश्नाचा एक भाग राहिला होता, तो पुरा करतो: कलम घालता येते का?

येते, आणि घालतातही. सामन्यागणिक भत्ता, गोलागणिक भत्ता, संघ खालच्या श्रेणीत गेला तर पगारात कपात, ही कलमे नेहमीची आहेत. ती विसरली की काय होते हे संडरलंडने पाहिले. जॅक रॉडवेलला २०१४ मध्ये १ कोटी पौंडांना पाच वर्षांसाठी घेतले, पण श्रेणी घसरल्यास पगार कमी होईल असे कलम त्याच्या करारात नव्हते. २०१७ मध्ये संघ घसरला, इतरांचे पगार खाली आले आणि याचा आठवड्याला ७०,००० पौंडांचा म्हणून सांगितला जाणारा पगार तसाच राहिला. करार सोड म्हटले, तो सोडेना. पुढच्या वर्षी संघ आणखी एक श्रेणी खाली गेला. एका वाक्याची किंमत म्हणतात ती ही.

पण कलमेही उलटतात. आंत्वान ग्रीझमन बार्सिलोनाकडून उधारीवर अॅटलेटिको माद्रिदकडे होता. ठरावीक सामन्यांत किमान ४५ मिनिटे खेळला, तर त्याला ४ कोटी युरोंना कायमचे घ्यावेच लागेल अशी अट होती. मग २०२२ च्या मोसमाच्या आरंभी अॅटलेटिकोने काय करावे? आपला उत्तम खेळाडू दर सामन्यात साठाव्या मिनिटानंतर मैदानात उतरवायला सुरुवात केली. प्रेक्षक त्याला घड्याळ दाखवून हसत असतील तर नवल नाही. ऑक्टोबरमध्ये दोन्ही क्लबांनी कमी रकमेवर तडजोड केली तेव्हा तो पुन्हा पूर्ण सामने खेळू लागला.

गोलागणिक पैसे ठेवलेत तर दुसरी अडचण आहे. मोकळ्या सहकाऱ्याला चेंडू देण्याऐवजी आघाडीपटू कुठूनही फटका मारतो, आणि तो गोल चुकला म्हणून त्याला बोलायचे तर तोंड उरत नाही, कारण तसे करायला आपणच शिकवलेले असते. गावच्या स्पर्धेसाठी मला विचाराल तर निम्मी रक्कम ठरावीक ठेवा, निम्मी खेळलेल्या सामन्यांवर, आणि संघ उपांत्य फेरीत गेला तर सगळ्या अकरा जणांना मिळून काहीतरी. मात्र हे पुढच्या वर्षासाठी. यंदा जे बोलून ठरले, ते ठरले. स्पर्धा संपल्यावर नवे कलम आठवणे याला आमच्या व्यवसायात वेगळा शब्द आहे, तो इथे लिहीत नाही.

उत्तर: खजिनदार (फोंडा तालुका)

सर्वांचे आभार. जुना बॅक यांनी विचारले म्हणून मी आमच्या एका सभासदाने मोबाइलवर घेतलेले तिसऱ्या आणि पाचव्या सामन्याचे चित्रण बसून पाहिले. दोन्ही सामन्यांत मिळून त्या मुलापर्यंत नीट चेंडू सात वेळा आला. एकदा त्याने गोलरक्षकाला चकवले आणि चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. उरलेला सगळा वेळ तो हात वर करून मधल्या फळीतल्या आमच्याच मुलांना हाका मारताना दिसतो. मधल्या फळीत माझा पुतण्या खेळतो, तेव्हा या विषयावर मी आणखी लिहीत नाही.

सभेच्या वहीत तेव्हा काय लिहिले होते तेही शोधले. ‘सहा सामन्यांस हजर राहील, रु. ४८,०००’ एवढे एकच वाक्य, माझ्याच अक्षरात. सहाही सामन्यांना तो हजर होता, शेवटच्या सामन्यात घोट्याला पट्टी बांधून. हे वाक्य तिसऱ्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवले तेव्हा विरोध करणाऱ्यांपैकी दोघांनी मान हलवली, एकाने हलवली नाही, आणि २४,००० द्यायचे ठरले. डिचोलीकर, आपले मत मी सभेत सांगितले होते, मासळीसकट.

रविवारी तो पैसे घ्यायला आला. पावतीवर सही करताना त्याने विचारले, ‘सर, पुढच्या वर्षी येऊ ना?’ मी अजून उत्तर दिलेले नाही.

उत्तर: डिचोलीकर

तो पुढच्या वर्षासाठी किती मागतो आहे, तेवढे कळवाल का? आमच्या गावालाही आघाडीपटू हवा आहे, आणि नऊ गोल म्हणजे काही थोडे नव्हेत.